कायदा बदलत गेला, साक्षीचा दिवस तसाच राहिला

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं की बलात्काराची शिक्षा वाढवत नेऊनही शिक्षा होण्याचं प्रमाण वाढलेलं नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यांनाच दिलं आहे. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. आधी सरकार पक्षाकडून उभी राहायचे, आता फिर्यादी बायकांची वकीलपत्रं घेते. पत्र पाठवणाऱ्यांची नावं-गावं छापलेली नाहीत आणि कोणाची ओळख पटेल असा तपशीलही काढून टाकला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, शिक्षकांच्या खोलीत त्यावर वाद झाले होते. २०१३ साली पुन्हा बदलला, तेव्हा मुलगी कॉलेजात होती. २०१८ साली आणखी कडक झाला आणि आता तर सगळी नवी संहिताच आली. दर वेळी वाटलं, आता फरक पडेल. गेल्या वर्षी ओळखीतल्या एका मुलीच्या खटल्यातला आरोपी निर्दोष सुटला. न्यायाधीश चांगले होते, कायदा कडक होता. मग अडतं कुठे?

उत्तर : गुरुजी, तुम्ही मोजलेल्या प्रत्येक वर्षी बदललं ते पुस्तक. खटला उभा राहतो तो एका बाईच्या साक्षीवर. त्या साक्षीपर्यंत तिला नेणारी माणसं आपण वाढवली नाहीत, शिकवली नाहीत, तिच्या शेजारी बसवली नाहीत. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच, पण ते जरा विस्ताराने सांगते.

१९८३ च्या दुरुस्तीमागे आपल्याच राज्यातलं प्रकरण आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. तिचं नाव कायद्याच्या पुस्तकांत छापलेलं आहे, मी इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, हे कारण. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि कायदा बदलला. पोलीस किंवा सरकारी नोकराच्या ताब्यातल्या बाईने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरून चालायचं, हे तेव्हा आलं. पीडितेचं नाव छापायला बंदी आली, बंद दाराआड सुनावणी आली. २००२ साली साक्षीत बाईचं चारित्र्य काढण्याची मुभा कायद्यातून गेली. २०१३ साली बलात्काराची व्याख्या रुंदावली आणि प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असं समजायचं नाही, हे स्वच्छ शब्दांत लिहिलं गेलं. या प्रत्येक ओळीसाठी बायका झगडल्या आहेत. यातली एकही ओळ मला कमी मोलाची वाटत नाही.

आता साक्षीच्या दिवशी काय होतं ते पाहा.

घटनेला काही वर्षं उलटलेली असतात. मुलगी पिंजऱ्यात उभी राहते. सरकारी वकील सरतपास घेतात, म्हणजे तिला आधी आपल्या बाजूने प्रश्न विचारतात, आणि ती सगळं सांगते. कदाचित पहिल्यांदाच नीट सांगते, कारण इतक्या वर्षांत तिला त्यासाठी शब्द मिळालेले असतात. मग बचावाचे वकील उठतात. आवाज चढवत नाहीत, घाणेरडं काही विचारत नाहीत. तशी गरजच नसते. ते विचारतात, ‘आरोपीने तुमचा फोन काढून घेतला, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’ ती म्हणते, हो. ‘तुमच्या फिर्यादीत तसं लिहिलेलं नाही. का लिहिलेलं नाही, त्याचं कारण सांगता येईल?’ तिला कसं सांगता येणार? फिर्याद तिने लिहिलेलीच नाही. ती बोलत होती, कोणीतरी टाईप करत होतं, पहाट व्हायला आली होती, खाली सही केली. ती गप्प राहते किंवा ‘नाही’ म्हणते. तिच्या साक्षीत वाक्य उतरतं : ‘माझ्या फिर्यादीत तसे नमूद नसल्यास त्याचे कारण मी सांगू शकत नाही.’ पुढचा मुद्दा, पुन्हा तेच वाक्य. दार आतून लावलं होतं की बाहेरून, पुन्हा तेच. निकालपत्रात या सगळ्याला लोप आणि विसंगती म्हणतात, आणि त्यांचा ढीग झाला की साक्ष ‘विश्वासार्ह वाटत नाही’. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या पुराव्याचा आधार नसला तरी चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पंजाबच्या गुरमीत सिंग खटल्यात सांगून ठेवलं आहे. पण ती विश्वासार्ह ठरणं किंवा न ठरणं, हे ठाण्यातल्या त्या पहाटे ज्याने कळफलक हाताशी घेतला होता त्याच्यावर गेलेलं असतं.

मग तिच्या बाजूने तिथे कोण असतं? सरकारी वकील तिचे नसतात, ते राज्याचे असतात. बहुतेक जण मनापासून काम करतात, हे मी जवळून पाहिलेलं आहे. पण एका दिवसाच्या बोर्डावर त्यांच्यापुढे जामिनाचे अर्ज, दोन-तीन साक्षी, एखादा युक्तिवाद, सगळंच असतं. ज्या मुलीची साक्ष घ्यायची तिला ते अनेकदा त्याच सकाळी व्हरांड्यात पहिल्यांदा भेटतात. फिर्याद वाचून दाखवतात, ‘घाबरू नका, जे झालं ते सांगा’ म्हणतात आणि पुकारा होतो. तिला स्वतःचा वकील देता येतो. तपास आणि खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्येही ती तरतूद राहिली आहे. पण तो वकील फक्त सरकारी वकिलांना मदत करू शकतो. त्याने स्वतः उठून साक्षीदार तपासायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं. म्हणजे माझ्यासारखीने मागच्या खुर्चीवरून चिठ्ठ्या पाठवायच्या.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं होतं की अशा फिर्यादी बाईला पोलीस ठाण्यापासूनच वकिलाची मदत मिळाली पाहिजे, तशा वकिलांची यादी ठाण्यात असली पाहिजे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखालच्या मुलांसाठी २०२० च्या नियमांत ‘सहाय्यक व्यक्ती’ आहे. ती मुलाबरोबर रुग्णालयात, ठाण्यात, न्यायालयात जाते, तारखा सांगते, खटल्यात काय चाललंय ते समजावते. बचावाचे प्रश्नही मुलाला थेट विचारले जात नाहीत, न्यायाधीशांमार्फत जातात. मुलगी अठरा वर्षांची झाली की यातलं हक्काने काहीच उरत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला एकटीनेच सगळं पेलता यावं, असं कोणत्या अनुभवावरून ठरवलं गेलं हे मला आजवर उमगलेलं नाही. मला एकच सुधारणा मागायची मुभा दिली, तर मी हीच मागेन : प्रौढ बाईलाही पहिल्या रात्रीपासून निकालापर्यंत पगारी, शिकलेली, एकच सहाय्यक व्यक्ती.

मुदतींचंही तेच. तपास दोन महिन्यांत, दोषारोपपत्रानंतर खटला दोन महिन्यांत, सुनावणी रोजच्या रोज, असं कायदा सांगतो. २०१९ पासून जलदगती विशेष न्यायालयांची केंद्राची योजनाही आहे. पण पाटी बदलली म्हणून न्यायसहायक प्रयोगशाळेत माणसं वाढत नाहीत. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला आमच्याकडे सगळे सीए रिपोर्ट म्हणतात, तो आला नाही की तारीख. तपास अधिकारी बदलून गेले, समन्स पोहोचलं नाही, तारीख. दर तारखेला ती कामावरून सुट्टी काढून येते, बाकावर बसते, आरोपी समोरच्या बाकावर असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३१,५१६ बलात्कारांची नोंद आहे. त्या वर्षी निकाली निघालेल्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण २७-२८ टक्क्यांच्या आसपासच राहिलं. सुटलेला प्रत्येक आरोपी गुन्हेगारच होता, असं मी म्हणणार नाही. कोणतीही वकील तसं म्हणू शकत नाही. पण चारातले जवळजवळ तीन जण सुटतात तेव्हा सगळ्याच फिर्यादी खोट्या होत्या, असंही कोणी मला सांगू नये.

तुमच्या ओळखीतल्या मुलीला सांगा, निर्दोष मुक्ततेविरुद्ध तिला स्वतःला अपील करता येतं. हा हक्क २००९ पासून पीडितेला आहे आणि नव्या कायद्यातही आहे. मुदत निघून जाण्याआधी निकालाची नक्कल घ्या आणि कोणाला तरी दाखवा.

प्रश्न : माझ्या भाचीवर आमच्याच एका नातेवाइकाने अत्याचार केला. खटला उभा आहे, अजून साक्ष व्हायची आहे. घरातले मोठे म्हणतात, तो लग्नाचा खर्च उचलायला तयार आहे, कोर्टात ‘आठवत नाही’ म्हण आणि मोकळी हो. तिची आई, म्हणजे माझी बहीणही डळमळली आहे. मी एकटी पडले आहे. अशी तडजोड कायद्यात चालते का?

उत्तर : ताई, चालत नाही. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. तडजोड झाली म्हणून शिक्षा कमी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालय २०१३ साली म्हणालं, आणि २०१५ साली तर अशा गुन्ह्यात तडजोडीचा विचारही न्यायालयाने मनात आणू नये, इतक्या कडक शब्दांत म्हणालं. घरातल्या मोठ्यांना हे खुशाल वाचून दाखवा.

पण त्यांना हे माहीत असतंच, म्हणून तर ते न्यायालयात तडजोडीचा अर्ज देत नाहीत. तिला ‘आठवत नाही’ म्हणायला सांगतात. आपल्या सगळ्या सुधारणा अंधारातल्या अनोळखी माणसासाठी आखलेल्या आहेत. डिसेंबर २०१२ नंतर १,००० कोटी रुपयांचा निर्भया निधी झाला, त्यातून कॅमेरे आले, मोबाईलवरची बटणं आली. नोंदल्या गेलेल्या दहा गुन्ह्यांतल्या नऊहून अधिकांत आरोपी ओळखीचा असतो. घरातल्या बैठकीला कॅमेरा काय करणार?

तरी काही गोष्टी हातात आहेत. दबाव कोणी, कधी, कोणत्या शब्दांत आणला ते तारखेनिशी लिहून ठेवा, फोनवरचे संदेश पुसू नका. आरोपी जामिनावर असेल आणि तो किंवा त्याची माणसं तिच्याशी संपर्क करत असतील, तर जामीन रद्द करण्याचा अर्ज देता येतो. पीडितेला खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. तिला साक्षीची भीती वाटत असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. २०१८ पासून ती देशभर लागू आहे आणि जिल्ह्यात त्या अर्जाचा निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली होतो. साक्ष देताना आरोपी नजरेसमोर नको असेल तर पडदा किंवा वेगळी खोली मागा. २०२२ च्या आदेशानंतर लैंगिक अत्याचार झालेली प्रौढ बाईही असुरक्षित साक्षीदारांत मोडते. हे सगळं मागावं लागतं, आपोआप कोणी देत नाही, म्हणून साक्षीच्या आधीच लेखी मागा.

एक गोष्ट कायद्याबाहेरची. भाचीला ‘तू लढलंच पाहिजेस’ असं रोज ऐकवू नका. एका बाजूने ‘मिटव’, दुसऱ्या बाजूने ‘लढ’, यात तिचं म्हणणं कोणीच विचारलेलं नसतं. तिला एकदा कोणाच्या नकळत न्यायालयाची रिकामी खोली दाखवून आणा. न्यायाधीश कुठे बसतात, ती कुठे उभी राहील, दार कुठे आहे. मी माझ्या प्रत्येक अशिलाला हे दाखवते. त्यानंतर पुष्कळ जणींचा निर्णय त्यांचा स्वतःचा होतो.

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. मला वाटतं आपण फार नरम आहोत. सरसकट फाशी दिली तर दहशत बसेल. तुम्ही याच्या विरोधात का लिहिता?

उत्तर : तुझा राग मला समजतो आणि तो चांगल्या ठिकाणाहून आलेला आहे. पण तू कायदा शिकतोयस, म्हणून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीचा अहवाल मुळातून वाच. न्यायमूर्ती लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्यासह त्यांनी तो २९ दिवसांत लिहिला, जानेवारी २०१३ मध्ये दिला, आणि देश संतापाने पेटलेला असतानाही बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. पोलिसांच्या कामात, वैद्यकीय तपासणीत, तक्रार नोंदवण्यात बदल सुचवले. सरकारने शिक्षेचा भाग चटकन उचलला, काही बाबतीत फाशीही घातली. कामकाजाचा भाग मागे राहिला. २०१८ साली बारा वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत फाशी आली. आपल्या राज्यातलं २०२१ चं शक्ती विधेयकही फाशी आणि मुदती यांच्याच दिशेने गेलं. विधिमंडळाने ते मंजूर केलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

वरच्या पत्रातली भाची आठव. आरोपी नात्यातला आहे. त्याला फाशी होईल म्हटल्यावर ती तोंड उघडेल का? घरचे उघडू देतील का?

दिल्लीच्या २०१२ च्या खटल्याकडे नीट बघ. जलदगती न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्येच निकाल दिला. तो कशावर दिला? मृत्युपूर्व जबाब नीट नोंदवले होते, डीएनए जुळले, अंगावरच्या चाव्यांच्या खुणा आरोपींच्या दातांशी ताडून पाहिल्या होत्या. देशाचं लक्ष होतं म्हणून तपास जसा व्हायला हवा तसा झाला. शिक्षा होणं त्या तपासातून आलं. फाशीची अंमलबजावणी मार्च २०२० मध्ये, घटनेनंतर सात वर्षांनी झाली. तो तपास जिल्ह्याच्या ठिकाणी, बातमी न झालेल्या मुलीला मिळावा, यासाठी तुझ्या पिढीने मोर्चा काढला तर मी सगळ्यात पुढे चालेन.

प्रश्न : मी महिला पोलीस शिपाई आहे. रात्रपाळीला ठाण्यात मी एकटीच बाई असते. अशी फिर्याद आली की मलाच बोलावतात, कारण बाई अधिकारीच हवी. प्रशिक्षण एका दिवसाचं झालं, त्यात कलमं सांगितली. समोर बसलेल्या मुलीशी काय बोलायचं हे कोणी शिकवलं नाही. माझ्या हातून काही राहून तिचा खटला पडू नये असं वाटतं. काय करू?

उत्तर : या महिन्यातलं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं पत्र तुमचं. आधी हे नोंदवते की दोष तुमचा नाही. पीडितेचा जबाब बाई अधिकाऱ्यानेच घ्यायचा हा नियम चांगला आहे, पण देशभरातल्या पोलीस दलांत बायका १२ टक्क्यांच्या आसपास आहेत. नियम करणाऱ्यांनी तुमची पाळी मोजली नाही.

आता कामाचं. फिर्यादीचे तयार नमुने संगणकात साठवलेले असतात, तो उघडूच नका. त्या नमुन्यात एक वाक्य हमखास असतं : ‘मी आरडाओरडा केला असता त्याने मला जिवे मारण्याची धमकी दिली.’ मुलगी ओरडलेली नसते. तिचा आवाजच फुटलेला नसतो. बहुतेकींचं असंच होतं. पण वाक्य नमुन्यात आहे म्हणून फिर्यादीत येतं. पुढे बचावाचे वकील शेजारच्यांना बोलावतात. ते शपथेवर खरं तेच सांगतात की आम्हाला काही ऐकू आलं नाही. तुमच्या एका तयार वाक्याने ती खोटी ठरते. ती ओरडली नाही, तर लिहा : ‘मला ओरडता आलं नाही.’ प्रतिकार नसणं म्हणजे संमती नव्हे, हे कायद्यात आहे. ते झाकायचं कारण नाही.

तिला आधी सलग बोलू द्या, काही टाईप न करता. पाणी द्या, खोलीतून बाकीच्यांना बाहेर जायला सांगा. साहेब असले तरी सांगा. मग दुसऱ्यांदा विचारत विचारत लिहा, तिच्याच शब्दांत. तिने एखाद्या गोष्टीला बोलीतला शब्द वापरला तर तोच ठेवा, ‘शारीरिक संबंध प्रस्थापित केले’ असं लिहू नका. कोणी बाई असं बोलत नाही आणि उलटतपासात तिला त्या शब्दांचा अर्थ विचारतात. वेळ आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ लिहा, अंदाजाने साडेआठ लिहू नका. ती उशिरा आली असेल तर उशिराचं कारण तिच्या तोंडून, पहिल्याच कागदावर आलं पाहिजे : आईला सांगायला धीर झाला नाही, गावी जायला गाडी नव्हती, त्याने फोटो काढून ठेवलेत, जे असेल ते. हे कारण नंतर सुचल्यासारखं दिसलं की त्याची किंमत जाते. शेवटी वाचून दाखवा, ती दुरुस्ती सांगेल ती करा, आणि प्रत द्या. प्रत विनामूल्य देणं हा तिचा हक्क आहे.

घटना दुसऱ्या हद्दीतली असेल तरी परत पाठवायचं नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायचा. हे आता नागरिक सुरक्षा संहितेतच आहे. गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम १९९ खाली किमान सहा महिन्यांची शिक्षा आहे. पण ती तक्रार तिने करायची कोणाकडे? पुन्हा त्याच खात्याकडे. त्यामुळे त्या कलमाने आतून काही बदलेल याची वाट बघू नका. तुमच्यासारखी एक बाई समोर बसलेली असणं त्याहून जास्त उपयोगाचं आहे.

कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरते आणि नमुना खराब होतो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. पंचनाम्यातलं वर्णन आणि पाकिटावरचं वर्णन शब्दाला शब्द जुळलं पाहिजे. एकीकडे ‘निळा कुर्ता’ आणि दुसरीकडे ‘आकाशी टॉप’ असल्यावर दोन्ही कपडे एकच आहेत हे सिद्ध करण्यात एक साक्षीदार खर्ची पडतो. वैद्यकीय तपासणी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत व्हायला हवी. आरोग्य खात्याच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९६ तासांपर्यंत नमुने घेण्यात अर्थ असतो, म्हणून ‘आता उशीर झाला’ असं तिला कोणी सांगू नये. खासगी रुग्णालयानेही उपचार नाकारायचे नाहीत, पैसे मागायचे नाहीत. आणि कोणी डॉक्टर अजूनही दोन बोटांची चाचणी, म्हणजे बाईला संबंधांची ‘सवय’ आहे का हे बोटांनी पाहणं, करत असतील तर तुम्ही तिथे तोंड उघडा. २०१३ साली न्यायालयाने ती चुकीची ठरवली, आणि तरीही चालू आहे म्हणून २०२२ साली करणाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई होईल असं पुन्हा सांगावं लागलं. मधली नऊ वर्षं ती बायकांच्या अंगावर होत राहिली. याहून स्पष्ट उदाहरण मी गुरुजींना देऊ शकले नसते.

तपासात तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, आणि तेव्हा आईवडील, जवळचं माणूस किंवा परिसरातली सामाजिक कार्यकर्ती सोबत असू शकते. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये लिहिलेलं आहे. तुमच्या भागात अशा दोन-तीन खात्रीच्या कार्यकर्त्या शोधून ठेवा आणि त्यांचे नंबर ठाण्यात लावून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला त्याच दिवशी कळवा, मनोधैर्य योजनेची भरपाई तिथूनच मंजूर होते. आणि असा जबाब घेतल्यावर तुम्हाला झोप येत नसेल, तर तुम्हीही कोणाशी तरी बोला. तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा कोणीतरी येऊन बसणार आहे.

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा माझ्या मनाविरुद्ध जबरदस्ती करतो, नाही म्हटलं की मारतो. पोलिसांत गेले तर म्हणाले, नवऱ्यावर ही केस होत नाही. खरं आहे का?

उत्तर : ताई, दुर्दैवाने ते अर्धं खरं आहे. न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अठरा वर्षांवरच्या पत्नीच्या बाबतीत नवऱ्याला अपवाद दिलेला आहे. वर्मा समितीने तो काढायला सांगितलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची २०२२ साली त्यावर दोन मतं पडली आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. नवी संहिता आली तेव्हा हा अपवाद काढायची संधी होती, तरी तो ठेवला गेला. मला त्याचा संताप येतो. लग्नाने बाईच्या ‘नाही’ची किंमत शून्य होते, असं म्हणणारं वाक्य कायद्यात असताना बाकीच्या सुधारणांना कोणत्या तोंडाने पूर्ण म्हणायचं?

पण पोलिसांनी तुम्हाला परत पाठवायला नको होतं. मारहाणीचा गुन्हा होतो, कलम ८५ खाली छळाचा गुन्हा होतो. तुम्ही वेगळ्या राहत असाल आणि तरी त्याने जबरदस्ती केली तर कलम ६७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन ते सात वर्षांची शिक्षा. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ ही हिंसाच आहे, तिथे नवऱ्याला कोणताही अपवाद नाही. त्या कायद्याखाली दंडाधिकारी त्याला तुमच्या जवळ येण्यापासून रोखू शकतात, तुम्हाला घरातून बाहेर काढायला मनाई करू शकतात, नुकसानभरपाई द्यायला लावू शकतात. आदेश मोडला तर तो गुन्हा आहे. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करता येतो. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आज रात्रीच भीती असेल तर ११२ किंवा १८१ वर फोन करा.

अर्ज लिहून घेताना एका गोष्टीवर अडून बसा. बहुतेक अर्जांत मारहाण आणि पैशांची मागणी एवढंच लिहिलं जातं, कारण लिहिणाऱ्याला संकोच वाटतो आणि सांगणारीलाही. छापील नमुन्यात लैंगिक हिंसेचा वेगळा रकाना आहे. तो कोरा सोडू देऊ नका.